मगनवाडीचा घाणा आणि लोकशिक्षकाचे कार्य : एक परीक्षण

वर्धा जिल्ह्यातील खाद्यपदार्थांच्या लहान धंद्यांची वाढ कशी व्हावी, असा प्रश्न निघाला म्हणजे उत्तरादाखल बहुधा एकच शब्द पुढे केला जातो : प्रशिक्षण. कृषी विज्ञान केंद्र, बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार संस्था, बचत गटांसाठी चालणारे शासकीय उपक्रम, महाविद्यालयांचे विस्तारकार्य, या सर्वांचा भर शिकविण्यावर आहे. आणि शिकविणे म्हणजे पदार्थ कसा करावा हे दाखविणे, असे त्यांत गृहीत धरलेले असते. हे गृहीतक कितपत टिकते याची तपासणी करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ज्या प्रयोगाची तुलना देशात क्वचितच सापडेल असा एक प्रयोग याच जिल्ह्यात, वर्धा शहरातील मगनवाडीत, १९३४ पासून पुढे पंधरावीस वर्षे झाला. त्याच्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा गौरवपर असते किंवा उपहासपर असते. शिक्षणाच्या दृष्टीने त्याची चिकित्सा मात्र फारशी होत नाही.

'लोकशिक्षक' हा शब्द येथे व्यापक अर्थाने योजला आहे. शाळेतील गुरुजी, महाविद्यालयातील प्राध्यापक, शेतकऱ्याच्या बांधावर जाणारा विस्तार-कार्यकर्ता, संग्रहालय चालविणारा, पत्रिका काढणारा, असे सर्व त्यात येतात. सार्वजनिक पैशावर किंवा लोकांच्या देणगीवर जो शिकवितो आणि ज्याला स्वतःला त्या धंद्यात नफा कमवावयाचा नसतो, तो लोकशिक्षक होय. त्याची ही निःस्वार्थ स्थितीच त्याचे बळ आहे आणि, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, त्याचे दौर्बल्यही तेच आहे.

ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ठराव झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू हे अध्यक्ष व जे. सी. कुमारप्पा हे संघटक होते. जमनालाल बजाज यांनी आपली बाग व घर संघाला दिले, आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी हे नाव पडले. १९३५ च्या आरंभी गांधीजी स्वतः तेथे राहावयास आले व एप्रिल १९३६ अखेर शेगावी, म्हणजे पुढे ज्याचे सेवाग्राम झाले त्या गावी, गेले. संघाच्या कामाची यादी पाहिली तर तिचा मोठा भाग खाद्यपदार्थांनी व्यापलेला दिसतो : हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाण्याचे तेल, ताडगूळ, मध. हातकागद व साबण हे विषय होते. परंतु संघाचा खरा जीव स्वयंपाकघरात होता, असे म्हणावयास हरकत नाही.

या कामाचा पहिला विशेष असा की, मगनवाडीने करणाऱ्याच्या आधी खाणाऱ्याला शिकवावयास घेतले. १९३५ मध्ये 'हरिजन' पत्रातून गांधीजींनी पालेभाज्यांच्या अन्नमूल्यावर, असडीक तांदळावर, गुळावर लिहिले. मगनवाडीत राहणाऱ्यांच्या ताटात प्रथम प्रयोग होई व मग तो छापला जाई. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तेथे वस्तू व त्या घडविण्याच्या रीती लोकांना प्रत्यक्ष पाहावयास ठेवल्या होत्या. संघाची 'ग्रामउद्योग पत्रिका' हेच काम मासिकाच्या रूपाने करी. कुमारप्पांनी १९३६ च्या आपल्या 'व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट?' या पुस्तकात या सर्वांमागील तत्त्व मांडले आहे. वस्तू विकत घेणारा हा त्या वस्तूच्या निर्मितीतील बऱ्यावाईटाचा भागीदार असतो, त्यामुळे ग्राहकाचे कर्तव्य हा अर्थशास्त्राचाच विषय ठरतो, असा त्या विचाराचा आशय आहे. ज्या काळात आपल्याकडील औद्योगिक शिक्षण म्हणजे सुतारकाम व लोहारकाम यांचे वर्ग असे समजले जात होते, त्या काळात गिऱ्हाईक घडविणे हे शिक्षकाचे काम मानणे ही मोठी झेप होती. तिचे श्रेय पुरते दिले गेलेले नाही.

तथापि या खाणाऱ्याच्या शिक्षणातही एक उणीव होती. पॉलिश केलेल्या तांदळाविरुद्धची मोहीम घ्या. ती आहारशास्त्राच्या दृष्टीने योग्यच होती. परंतु ज्या वर्धा जिल्ह्यात ती रचली गेली तेथील सामान्य कुणब्याचे अन्न तांदूळ नसून ज्वारीची भाकर व तुरीचे वरण हे होते. जवसाचे तेल विदर्भाच्या ताटात पिढ्यान्‌पिढ्या होते. त्याच्या गाळपाचा, टिकवणुकीचा, विक्रीचा प्रश्न हा खरा घरचा प्रश्न होता. अखिल भारतीय संस्थेला अखिल भारतीय विषय हाती घ्यावे लागतात हे मान्य; पण मगनवाडीच्या कुंपणापलीकडचा जिल्हा तिच्या लेखनात पुष्कळदा उदाहरण म्हणून येतो, विषय म्हणून क्वचित येतो. सोयाबीनची गोष्ट यापुढची आहे. १९३५ मध्ये मगनवाडीत सोयाबीन खाऊन पाहण्याचा प्रयोग झाला व त्याची हकीकत 'हरिजन'मधून प्रसिद्ध झाली. त्या वेळी त्यातून काही निष्पन्न झाले नाही. १९८० नंतरच्या दोन दशकांत मात्र सोयाबीनने विदर्भातील शिवारे व्यापली, ती बाजाराच्या ओढीने. आणि पीक आले तरी ते ताटात आले नाही. दाणा मोठ्या कारखान्यांकडे जातो, तेथे त्याचे तेल व पेंड होते, आणि शेतकरी तेच तेल पिशवीतून विकत आणतो. ज्या गावांच्या शेजारी ते प्रथम शिजवून पाहिले गेले, त्या गावांत सोयाबीनचा एकही स्थिर स्थानिक खाद्योद्योग त्या प्रयोगातून उभा राहू नये, याचे कारण काय? खाणाऱ्याला शिकविण्याचा प्रयत्न झाला. पण त्या शिकवणुकीची गाठ कोणा करणाऱ्याशी, त्याच्या दुकानाशी, त्याच्या भांडवलाशी मारली गेली नाही, हे ते कारण होय.

आता घाण्याकडे वळू. मगनवाडीच्या सर्व कामांत घाण्याचे काम सर्वात पक्के होते, आणि तेच सर्वाधिक बोधप्रद आहे. झवेरभाई पटेल यांनी तेलघाण्यात सुधारणा केल्या व सुधारलेला 'वर्धा घाणा' पुढे देशभर त्या नावाने ओळखला गेला. एखाद्या सामान्य प्रशिक्षण-संस्थेने येथेच समाधान मानले असते. यंत्र सुधारले, आता तेल्यांना ते चालवावयास शिकवा, की काम झाले. परंतु झवेरभाईंनी याहून अवघड असा प्रश्न विचारला : तेली आपला घाणा सोडतो का? १९३९ मध्ये गांधीजींनी त्यांच्या शोधाचा सारांश 'हरिजन'मध्ये दिला आहे. त्याचा आशय असा की, घाणा मागे पडला तो केवळ गिरणी वेगाने गाळते म्हणून नव्हे. हंगाम सरताच गावातले तेलबी गावाबाहेर जाते. तेल्याजवळ ते साठवावयास पैसा नसतो. गिरणीवाला मात्र साठा करू शकतो. पुढे तेल्याला बी मिळते ते थोडे, अनियमित आणि महाग. दुसरे कारण भेसळ. शुद्धता हेच ज्याचे मुख्य बळ, ते घाण्याचे तेलच भेसळीचे निघू लागले तेव्हा गिऱ्हाइकाला जास्त दाम मोजण्याचे कारण राहिले नाही.

हा निष्कर्ष अत्यंत महत्त्वाचा आहे, आणि प्रस्तुत लेखाचे सर्व प्रतिपादन त्यावर उभे आहे. तेल्याला तेल गाळता येत नव्हते म्हणून त्याचा धंदा बसला नाही. त्याचे कसब त्याच्या घरात होते. त्याला ते शिकविणारा बहुधा त्याच्याहून कमी जाणणारा असे. त्याची अडचण घाण्याच्या दोन टोकांना होती : अलीकडे बियांच्या साठ्याची, पलीकडे विश्वासाची. मधल्या भागात, म्हणजे जेथे लाट फिरते व बैल चालतो तेथे, ती सर्वात कमी होती. आणि शिक्षकाला शिकवावयास सोपा असा भाग नेमका हा मधलाच असतो, कारण तो दाखविता येतो, त्याचे वर्ग भरविता येतात, परीक्षा घेता येते, प्रमाणपत्र देता येते.

एवढे निदान हाती असता मगनवाडीने पुढे काय केले? उपाय सुचविला तो योग्यच होता : हंगामात बी साठविण्याची सोय व त्यासाठी सहकारी संस्था. कुमारप्पांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स'मध्ये बहुउद्देशीय ग्रामसहकारी संस्थेला आपल्या योजनेत मध्यवर्ती स्थान दिले आहे. पण शिक्षणाची यंत्रणा या निदानाप्रमाणे बदलली नाही. मगनवाडीच्या विद्यालयाचे नावच ग्रामसेवक विद्यालय होते. तेथे घडावयाचा होता तो सेवक. तेली हा त्या सेवकाच्या सेवेचा विषय होता. बाहेरचा ध्येयवादी तरुण घाणा शिकून गावी जाणार व गावच्या तेल्याला जागे करणार, ही ती कल्पना. ती उदात्त असेल. परंतु तिच्यामुळे ज्ञान एका फेऱ्याने तेल्याकडे परत येई, आणि साठ्याचे भांडवल तर येतच नसे. जो धंदा करणार आहे त्याऐवजी जो धंदा करविणार आहे त्याला शिकविण्याची ही सवय आपल्या विस्तारकार्यातून अद्याप गेलेली नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, व तो विचारात घेतला पाहिजे. गांधीजी व कुमारप्पा यांना बाजारच नको होता. त्यांना गावाची स्वयंपूर्णता हवी होती, तेव्हा त्यांनी धंदा शिकविला नाही असे म्हणणे म्हणजे संन्याशाला मुंज लावण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. याला उत्तर असे की, स्वयंपूर्ण गावातील तेल्यालाही बी विकत घ्यावे लागते आणि तेल विकावे लागते. गावच्या सीमेत फिरणारा पैसाही पैसाच असतो. शिवाय कुमारप्पा हे काही हिशेबाला पारखे असलेले भाविक नव्हते. ते लंडनला शिकलेले व्यवसायाने हिशेबतपासनीस होते, कोलंबियात त्यांनी सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केला होता. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली, ती १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष झाले व त्या समितीने ६०६ खेड्यांची पाहणी करून १९३९ मध्ये आपला अहवाल दिला. घरोघर जाऊन जमाखर्च विचारणे हे शिक्षण आहे, हे त्यांच्याइतके कोणी जाणले नसेल. असे असता हिशेबाची ही विद्या पाहणी करणाऱ्या विद्यार्थ्याजवळ राहिली. ज्याची पाहणी झाली त्याला ती धंद्याचे हत्यार म्हणून मिळाली नाही.

नयी तालीमच्या बाबतीतही असेच घडले, मात्र वेगळ्या रीतीने. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीने आपला अहवाल दिला, आणि १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन होऊन सेवाग्रामला आर्यनायकम्‌ व आशादेवी यांनी काम मांडले. समितीने सुचविलेल्या मूलोद्योगांत कताई-विणाई, सुतारकाम यांबरोबर शेती आणि फळभाज्यांची बागही होती. सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाकघर हा एक वर्गच होता. मुले स्वयंपाक करीत, आहाराचा विचार करीत, रसोड्याचा हिशेब ठेवीत. खाद्यशिक्षणाची याहून चांगली बैठक कोणती असू शकेल? पण हा हिशेब रसोड्याच्या दाराशी थांबे. शाळेत तयार झालेला माल शासनाने विकत घ्यावा, अशी गांधीजींची मूळ सूचना होती. शाळेच्या स्वावलंबनासाठी ती आवश्यक होती हे खरे; परंतु तिच्यामुळे मुलाच्या वाट्याला नाक मुरडणारे गिऱ्हाईक कधी यावयाचे नाही. आणि खाद्यपदार्थांच्या धंद्यात खरा परीक्षक तोच असतो. मगनवाडी व सेवाग्राम यांत अंतर जेमतेम आठ किलोमीटरांचे. पण घाण्यावर शोध करणारी एक संस्था आणि मुलांना उद्योगातून शिकविणारी दुसरी संस्था, यांच्या अभ्यासक्रमांत तेल्याची साठवणुकीची अडचण हा गणिताचा धडा होऊ शकला नाही, ही गोष्ट मनाला चटका लावते.

या सर्वांच्या उलट बाजूस गोरस भांडाराचे उदाहरण ठेवावयास हवे. १९४१ मध्ये जमनालाल बजाज यांनी गोसेवा संघाचे काम हाती घेतले. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांचे निधन झाले. संघाच्या सभासदाने गाईचेच दूधतूप वापरावे असे व्रत होते. धार्मिक भावना बाजूस ठेवून पाहिले तर हे व्रत म्हणजे निश्चित गिऱ्हाइकाची यादी होय. आर्वी, आष्टी, कारंजा या भागांतील गवळाऊ गाय ही काटक व कामाची. परंतु दुधाला म्हशीपुढे तिचा टिकाव लागणे कठीण. त्या गाईच्या दुधाला शहरात खात्रीचे गिऱ्हाईक मिळवून देणे हे भांडाराचे काम झाले. आणि दुधाचे तूप, तुपाचा गोरसपाक, अशी साखळी लागल्यावर नाशवंत मालातून टिकाऊ माल निघाला. आज वर्ध्याहून जाणारा पाहुणा गोरसपाकाचा पुडा घेतो तो व्रत म्हणून नव्हे, चव म्हणून. येथे खाणाऱ्याचे शिक्षण, गोपालकाचा माल आणि विक्रीचे दुकान ही तिन्ही एका छपराखाली आली. म्हणून ते टिकले.

याच्याशी समांतर असे परदेशचे एक उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावे. डेन्मार्कच्या लोकविद्यालयांचा आपल्याकडे फार गौरव होतो. पहिले १८४४ मध्ये र्‍योडिंग येथे निघाले. त्या विद्यालयांत लोणी काढावयास शिकवीत नसत. तेथे इतिहास, गाणी व भाषा शिकवीत, आणि त्यातून एकत्र बसण्याची व एकमेकांवर विश्वास ठेवण्याची सवय लागली, असे सांगतात. १८८२ मध्ये ह्येडिंग येथे पहिली सहकारी दूधशाळा निघाली ती त्या सवयीच्या बळावर, हा विचार आकर्षक आहे. परंतु तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग कोपनहेगनच्या कृषी महाविद्यालयातील नील्स फ्योर्ड या प्राध्यापकाचा आहे. दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी रीत त्याने सिद्ध केली, आणि दुधाचे दाम वजनाऐवजी त्यातील सायीवर देता येऊ लागले. जोवर दाम वजनावर होते तोवर पाणी घालणारा शहाणा ठरे. मोजमाप आल्यावर प्रामाणिक माणसाचा प्रामाणिकपणा त्याला किफायतशीर ठरला. भेसळीने मेलेल्या आमच्या घाण्याला असा एक फ्योर्ड हवा होता. नीतीचा उपदेश करणारे पुष्कळ होते. तेल्याच्या ओसरीवर, गिऱ्हाइकासमक्ष, दोन पैशांत तेलाची शुद्धता दाखवून देणारी रीत मात्र नव्हती.

आजची स्थिती पाहता प्रश्न नावे बदलून तेच आहेत असे दिसते. १९५३ चे खादी व ग्रामोद्योग मंडळ, १९५६ च्या कायद्याने आलेला आयोग, मगनवाडीच्याच परिसरात आज काम करीत असलेली महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, देवळी तालुक्यातील सेलसुऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र, अशी मोठी परंपरा जिल्ह्यात आहे. २०२० मध्ये केंद्र शासनाने सूक्ष्म खाद्योद्योगांसाठी योजना काढून प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदान देऊ केले. 'लाकडी घाण्याचे तेल' शहरात पुन्हा प्रतिष्ठेस चढले आहे, जरी तो घाणा आता बहुधा बैलाऐवजी मोटारीवर फिरतो. परंतु पापड, लोणची व मसाले यांचे दोनतीन दिवसांचे वर्ग जेथे भरतात तेथे बसलेल्या बायकांचे हात पाहावेत. पापड लाटण्यात त्या शिकविणारीच्या गुरू असतात. त्यांना जे हवे असते ते असे : उडीद सुगीत घेऊन ठेवावयास चार महिन्यांचे भांडवल, पुड्यावरील मजकूर कायद्याप्रमाणे कसा असावा याची माहिती, अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा अर्ज भरण्यास मदत, स्वतःची मजुरी धरून पापडाचा खरा पडता काढण्याची रीत, आणि दुकानदार उधारी थकवतो तेव्हा काय करावे याचा सल्ला. यांपैकी एकही गोष्ट शेगडीपाशी शिकविता येत नाही. मजुरी धरून पडता काढला तर कित्येक गटांचा नफा नाहीसा होतो, म्हणूनच बहुधा तो काढला जात नसावा.

प्राध्यापक व पदव्युत्तर विद्यार्थी यांना येथे करण्यासारखे काम आहे, आणि ते मातर पाहणीच्या जातीचे आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने जिल्ह्यातील एकच धंदा घ्यावा : हिंगणघाटची एखादी डाळगिरणी, सेलूकडचा एखादा घाणा, कारंज्याकडे संत्र्याचा रस काढणारा एखादा गट. वर्षभर त्याच्या वहीत डोकवावे. वही नसेल तर मालकाबरोबर बसून ती सुरू करावी. मात्र कुमारप्पांच्या पाहणीत जे राहून गेले ते करावे : वर्षअखेर तो हिशेब मराठीत, त्या माणसाला समजेल अशा भाषेत, त्याच्याच हाती ठेवावा. प्रबंध विद्यापीठात जावो. वही त्याच्याकडे राहिली पाहिजे. मगन संग्रहालयाने खाणाऱ्याला जी दृष्टी देऊ केली ती जर या वह्यांशी जोडली गेली, तर शाळेतील मूलही बाजारातल्या तेलाचा भाव ऐकून बियांच्या साठ्याचा विचार करू लागेल.

समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव आता कायद्याने सुरक्षित आहे. परंतु १९९९ च्या त्या कायद्यानुसार नाव सर्वांचे असले तरी अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येक उत्पादकाला आपली नोंद करावी लागते. या हळदीची ख्याती तिच्यातील अधिक कर्क्युमिनमुळे आहे, आणि कर्क्युमिन डोळ्यांना दिसत नाही. ते प्रयोगशाळेत मोजावे लागते. हळद कशी लावावी, शिजवावी, वाळवावी हे वायगावच्या शेतकऱ्याला कोणी सांगावयास नको. त्याच्या हळकुंडाचा नमुना प्रयोगशाळेत पोचविणे, आलेला आकडा त्याला वाचून दाखविणे, आणि तो आकडा पुड्यावर छापण्याइतकी सलग विश्वसनीयता आणण्यासाठी हंगामामागून हंगाम त्याच्या बरोबर राहणे, एवढे काम अजून करावयाचे आहे. आणि समुद्रपूर वर्ध्याहून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे.